मांडी घालून बसता आलं की

पुण्याची एसटी तेलगावला आली तेव्हा आईनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि अण्णांनी गुंडाळी केलेलं पोतं. साखरेचं पोतं, स्वच्छ धुऊन चौपदरी शिवलेलं. आसनं करायला आमच्या घरी तेच अंथरायचो. मी वैतागले. नोकरीला निघालेल्या मुलीनं शहरात पोतं घेऊन उतरायचं? अण्णा म्हणाले, "रोज सकाळी अंग मोकळं करायचं. आन लई दम लागला, जीव घाबरला, तर आदी श्वास सोडायचा. घ्यायला कुनी शिकवावं लागत न्हाई." एवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि माझं रडायचं राहूनच गेलं.

त्या साली दुष्काळामुळं ऊसच नव्हता. आमच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. अण्णा तिथं साखर शिजवायच्या कामावर होते, ते घरी बसले. म्हणून त्या वर्षाच्या शेवटी मी निघाले होते.

कारखाना चालू असायचा तेव्हा अण्णांचा योग भोंग्यावर चालायचा. पहाटेच्या भोंग्याला पोतं अंथरायचं आणि शिफ्टचा भोंगा झाला की शवासनातून उठायचं. मीही कळत नव्हतं तेव्हापासून त्यांच्या शेजारी आडवी पडायची. बंद हंगामातसुद्धा ते एकदा सवयीनं पहाटे उठले, आसनं केली, शवासनात गेले आणि उठेचनात. भोंगा व्हायची वाट बघत पडून राहिले. आई घाबरून जवळ गेली, तर हे आपले डोळे मिटून निवांत. ती म्हणाली, "आवो, उठा आता. औंदा भोंगा न्हाई व्हायचा." मग त्या हंगामभर आईच त्यांचा भोंगा झाली. जलनेती मात्र तिनं बंद पाडली. "हितं टँकरवर डोकी फुटायलीत आन तुमी नाकात पानी घाला." अण्णांनी हसत तांब्या जागेवर ठेवला.

योगानं काही पाऊस पडला नाही. पण काम नाही, रान कोरडं, घशाला कोरड, अशा त्या वर्षात आमच्या घरात कुणी कुणाच्या अंगावर ओरडलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. इतरांच्या घरात काय चाललं होतं ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

पुण्यात पोत्याची मॅट झाली, जांभळ्या रंगाची, ऑनलाइन मागवलेली. ऑफिसात टार्गेट, मीटिंग, साहेबांचे मेल. कधीकधी पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसते आणि आधी श्वास सोडते, मग वर जाते. "कुठला क्लास केलास गं?" असं मैत्रिणी विचारतात. साखर कारखान्यात शिकले म्हटलं की त्यांना वाटतं मी थट्टा करतेय.

मागच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बीडच्या दवाखान्यातून मी त्यांना माझ्या फ्लॅटवर आणलं. आई काही आठवडे राहिली आणि म्हशीपायी परत गेली. डॉक्टरांची औषधं सुरू होती, फिजिओथेरपीवाला यायचा. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात, तोंड अजून वाकडं असताना, मला बजावलं, "मांडी घालून बसता आलं आन कुनाचा हात न धरता उठता आलं, की मी गावाकडं जानार." मी म्हटलं, खुर्चीवर बसलात म्हणून काय बिघडलं? तर म्हणाले, "गावात सोसायटीच्या बैठकीत सगळे सतरंजीवर बसत्यात. कपिलधारच्या जत्रेला पंगत खाली बसती. मी एकटा वर बसून सगळ्यांची टकुरी मोजू का?"

झालं. रोज सकाळी मी मॅट अंथरायची आणि त्यांना धरून खाली बसवायची. आधी नुसता श्वास. मग पायाची बोटं, घोटा, गुडघा. ज्या माणसानं दुष्काळात आवाज चढवला नाही, त्यानं एके दिवशी गुडघा वाकेना म्हणून उशी भिरकावली आणि लहान मुलासारखे हुंदके दिले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, अण्णा, आधी सोडा. त्यांनी माझ्याकडं रागानं बघितलं, पण सोडला. दुसऱ्या दिवशी स्वतःच मॅटजवळ येऊन थांबले.

खरं सांगायचं तर मला ते बरे व्हायला हवे होते आणि जायला नको होते. इतक्या वर्षांनी अण्णा माझ्या घरात होते. संध्याकाळी दार उघडलं की त्यांचा आवाज यायचा, चहा कुणीतरी मागायचं, टीव्हीवरच्या बातम्यांना कुणीतरी बीडच्या भाषेत शिव्या द्यायचं. त्यांचा गुडघा रोज थोडा खाली टेकत होता आणि मला आनंदही व्हायचा आणि त्यांच्या जाण्याचा दिवसही जवळ येताना दिसायचा.

एका रविवारी ते मांडी घालून बसले, जेवले, ताट बाजूला सारलं. मग तळवे जमिनीवर टेकून, एक गुडघा पुढं घेऊन उठायला लागले. मी हात पुढं केला.

"माघारी घे," ते म्हणाले.

मी घेतला. ते डुगडुगले, थांबले, श्वास सोडला आणि उभे राहिले. माझे डोळे वाहायला लागले.

"रडतीस कावून?"

"तुम्ही आता जाणार म्हणून."

अण्णांनी खाली जमिनीकडं बघितलं. "मंग, पडू का परत?"

आम्ही दोघं इतके हसलो की त्यांना खरंच भिंत धरावी लागली.

अण्णा गावाकडं गेले. आता फोन केला की बऱ्याचदा आईच उचलते आणि म्हणते, "ते न्हाईत, बैठकीला गेलेत." मला क्षणभर वाईट वाटतं आणि मग फार बरं वाटतं. गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर म्हणजे काय ते मला पुष्कळ वर्षं नीट सांगता येत नव्हतं. आता येतं. जिथं माझे अण्णा खाली बसतात आणि माझ्या हाताशिवाय उठतात, ते माझं घर. मी तिथं नसले तरी.