नानांचं नाक

त्या वर्षी यतीनच्या सायकलीला जितकं तेल पाजलं गेलं, तितकं एनस्खेडे या डच गावातल्या कुठल्याच सायकलीच्या नशिबी आलं नसेल. संध्याकाळचे साडेसहा वाजले की लॅपटॉप मिटायचा, "नाना, सायकलला जरा तेल घालून येतो," म्हणायचं आणि मागच्या अंगणातल्या शेडमध्ये शिरायचं. तिथे खिळ्याला एक जुनं जॅकेट होतं. ते चढवायचं, दार ओढून घ्यायचं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यामागून पाइप बाहेर काढायचा.

अडतीस वर्षांचा घोडा, हाताखाली अकरा माणसं, आणि बापाला चोरून तंबाखू ओढतो! पण त्याचाही इलाज नव्हता. त्याच्या घरात थोरांसमोर ओढायची पद्धत नव्हती. त्यात नानांचं नाक. भोरच्या शाळेत तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. चिठ्ठी निघालेली बाटली नुसती लांबून हुंगून आत काय आहे ते सांगायचे. पोरांच्या दप्तरातली विडी त्यांना वर्गाच्या दारातून कळायची. म्हणून यतीन पाइप संपला की जॅकेट उतरवी, बडीशेप चघळी आणि मोरीवर कोपरापर्यंत हात धुऊन मगच नानांसमोर येई. एवढं केल्यावर कुणाला काय कळणार, अशी त्याची पक्की समजूत होती.

पाइप दिला होता ऑफिसातल्या विम नावाच्या सहकाऱ्याने, निवृत्त होताना. "घाई केलीस तर जीभ भाजेल," एवढाच त्याचा उपदेश. तंबाखूची डबी उघडली की भिजवलेल्या मनुकांचा आणि गुऱ्हाळातल्या काकवीचा वास यायचा. त्या अर्ध्या तासात यतीनला मीटिंगा आठवत नसत, रोज टीव्हीवर सांगितला जाणारा मृतांचा आकडा आठवत नसे. लॉकडाऊनमध्ये त्याला सुख असं हे एवढंच होतं.

बाकी सगळा विचकाच होता. शलाका, त्याची बायको, आईच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून नागपूरला गेली आणि विमानं बंद झाल्याने तिथेच राहिली. नाना जानेवारीत आले होते, मार्चअखेर परतायचे होते; ते इथे अडकले. वय चौऱ्याहत्तर, साखर जुनी, हृदयात दोन स्टेंट. शलाका फोनवर रोज एकच सांगायची, "यतीन, नानांना जप. त्यांना हे झालं तर झेपायचं नाही." समोरच्या घरातली म्हातारी रोज खिडकीत बसायची. गेल्या आठवड्यात तिच्या दाराशी अॅम्ब्युलन्स आली, आणि जिथे कुणी पडदे ओढत नाही त्या गल्लीत तिचा पडदा ओढलेला राहिला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी यतीनने डबी उघडली आणि वास आला नाही.

त्याने नाक खुपसून पाहिलं. काही नाही. पाइप पेटवला तर जिभेला नुसती ऊब लागली. तंबाखू वाळला, असं त्याने ठरवलं. ठरवलंच म्हणायला हवं, कारण या आजारात वास जातो हे त्याने आठवड्यापूर्वीच बातम्यांत वाचलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन कॉफीचा डबा हुंगायला कितीसा वेळ लागला असता? पण तो गेला नाही. हुंगलं नाही तोवर दोष तंबाखूचा होता. आणि नानांना सांगायचं तरी काय? वास गेला हे कशावरून कळलं, असं त्यांनी विचारलंच असतं.

मंगळवारी त्याने नानांचे केस कापले. न्हाव्यांची दुकानं बंद, नानांच्या मानेवर केस आलेले. तासभर तो त्यांच्या मागेपुढे फिरला, मानेवर पडलेले केस फुंकून उडवले, वर कानाशी वाकून गप्पा मारल्या. नाना खूश. "हात हलका आहे रे तुझा," म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी डबी, पाइप नि काडेपेटी खिशात टाकून तो घरात आला. बटाट्याची चकती ठेवली की वाळलेला तंबाखू मऊ पडतो, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. नाना आमटी करत होते. तापलेल्या तेलात त्यांनी चिमूटभर हिंग टाकला. हा त्यांचा हिंग एवढा जहाल, की वरच्या खोलीत बसलेला माणूस शिंकायचा. यतीन शेगडीपासून हातभर अंतरावर उभा होता. हिंग फुलताना दिसला, तेलावर फेस आलेला दिसला. वास आला नाही.

बाहेर चर्चच्या घंटा सुरू झाल्या. लोकांना धीर यावा म्हणून दर बुधवारी सातला त्या वाजवत. यतीन मात्र एकेक पाऊल मागे सरकत जिन्यावर गेला.

"नाना, वर येऊ नका. मला वास येत नाहीये."

नानांनी गॅस बंद केला. "कधीपासून?"

"आत्ताच. आजपासून," यतीन म्हणाला. खोटं बोलला, आणि बोलल्याक्षणी स्वतःची त्याला किळस आली.

डॉक्टरबाईंनी फोनवरच सांगितलं: टेस्ट फक्त दवाखान्यात भरती झालेल्यांची, पॅरासिटामॉल घ्या, वेगळे राहा, धाप लागली तर लगेच कळवा. खाली नाना, वर यतीन. नाना ताट पायरीवर ठेवून मागे व्हायचे. यतीनला दोन दिवस कणकण आली, गेली. पण तो झोपायचा कुठला! खालून खोकला येतो का, याच्याकडे त्याचे कान लागलेले. मंगळवारचे ते केस, ती फुंकर त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. देवाला न मानणारा माणूस, तोही मनात म्हणाला, माझं काहीही कर, त्यांना सोड.

पुढच्या मंगळवारी सकाळी त्याने सहज म्हणून डबी उघडली. मनुका! काकवी! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस गेले होते आणि नाना ठणठणीत होते. चोरीबिरी विसरून त्याने तिथेच, खिडकीशी पाइप पेटवला. खिडकी उघडी होती, पण वारा उलटा. सगळा धूर खोलीत येऊन जिन्यावरून खाली निघाला.

"यतीन," खालून हाक आली.

तो दचकून, पाइप पाठीमागे धरून दारात आला. नाना जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसले होते, वर बघत.

"काही लपवू नकोस आता," नाना हसत म्हणाले. "जानेवारीपासून रोज येतो मला वास, त्या शेडमधून. चांगला तंबाखू आहे. म्हटलं, पोराची मौज, आपण कशाला बोला. आता मात्र रोज इथे बसून वाट बघतो. तो वास आला की समजेन, पोरगं बरं झालं. जमेल तेव्हा ओढ रे एकदा."

धूर पायऱ्या उतरून नानांच्या खांद्यापर्यंत पोचला होता. नानांनी नाक वर करून एक दीर्घ श्वास घेतला आणि वास अजून यायचाच असल्यासारखे ते तसेच वाट बघत राहिले.

"ओढतो हं, नाना," यतीन म्हणाला. मग त्याने पाइप खिडकीत ठेवला आणि डॉक्टरबाईंचा नंबर लावला.