बांधायचं नाही

घरोघरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ऑफिसातल्या पोरी तिला पैलवान म्हणायच्या. दिसायला म्हणाल तर अंगावर मूठभर मांस नाही, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. पण एखादा मारका पेशंट आला, की मॅडम डोळे झाकून तिलाच पाठवायच्या. मारका हा शब्द ऑफिसचाच. म्हातारपणी ज्यांचं डोकं फिरतं, घरातली माणसं चोर वाटू लागतात आणि हात मात्र तरण्या माणसासारखा चालतो, असे पेशंट. त्यांच्या घरून इतर बायका दोन दिवसांत पळून यायच्या. पैलवान टिकायची.

टिकायची म्हणजे मार खायची, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. तिच्या उजव्या कानाची पाळी एका आजीबाईंनी डूल ओढून फाडली होती, तेव्हापासून दोन्ही कान मोकळेच. एका निवृत्त मास्तरांनी तिची करंगळी उलटी वाकवून मोडली होती. ती केस टोपीत कोंबायची, नखं मुळापासून कापायची आणि कामावर हातात काहीही घालायची नाही.

हे कसब तिला शिकवलं नवऱ्याने. तो मारायचा, प्यायला असला तरी आणि नसला तरी. सुरुवातीला ती दाराकडे पळायची आणि फटका पुऱ्या ताकदीने पाठीत बसायचा. एकदा पाय घसरून ती त्याच्याच छातीवर आदळली आणि तिला कळलं, की चिकटून उभं राहिलं तर मारणाऱ्याचा हात फिरायला जागाच उरत नाही. पुढे नवरा एकदाचा मेला. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मागे उरली ती एवढी विद्या, आणि तिच्यावरच ती पोट भरू लागली.

कामाला लागताना मॅडमनी नियम घोकून घेतले होते. पेशंटला बांधायचं नाही. घरच्यांनी बांधलं किंवा मारलं तर तेव्हाच्या तेव्हा फोन करायचा. आणि आभाळ कोसळलं तरी घरातल्या कुणावर हात उचलायचा नाही. उचलला तर त्याच दिवशी काम बंद. मॅडम अधूनमधून अचानक टपकायच्या. पलंगाचा कठडा हलवून बघायच्या, न्हाणीघरातलं पायपुसणं सरकतं का बघायच्या, पेशंटची पाठ आणि मनगटं उघडी करून बघायच्या. पैलवानची पाठ मात्र कधी कुणी बघितली नाही. सेवेचा दर्जा पेशंटच्या कातडीवरून ठरतो म्हणे. मार झेलणारीच्या कातडीची कुणाला पडली आहे? तिलाही त्याचं काही वाटत नसे. दुसरं कुठलं काम तिला येत नव्हतं, आणि हे काम गेलं तर या वयात तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

सध्याचा पेशंट होता मुकादम. उभा जन्म मालधक्क्यावर हमालांच्या टोळ्या हाकण्यात गेलेला, पंजे फावड्याएवढे. घरात तो आणि त्याचा पन्नाशीतला एकुलता एक मुलगा, दोघंच. मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. ते होतं म्हणून बरं, कारण बाप दर आठवड्याला त्याचा एक चष्मा फोडायचा. मुलगा खोलीत शिरला रे शिरला, की मुकादम ओरडायचा, "आला चोर! धरा!" आणि पैलवान मध्ये घुसून म्हाताऱ्याच्या छातीला चिकटायची. फटके तिच्या खांद्यावर थंड व्हायचे.

"ताई, मार खायला माझी ना नाही," मुलगा एकदा भरल्या डोळ्यांनी म्हणाला होता. "पण चोर म्हणून किती दिवस खायचा? मला एकदा मुलगा म्हणून ओळखू देत, मग जीव घेतला तरी चालेल."

पैलवानने त्याच्या हातात बर्फाची पिशवी दिली.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात पेज गाळत होती. आतून खुर्ची आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ म्हाताऱ्याची किंकाळी. ती गाळणी टाकून धावली. मुलाने बापाची दाढी करायला घेतली होती, आणि हात आवरत नाहीत म्हणून दोन्ही मनगटं पट्ट्यांनी खुर्चीला बांधून टाकली होती. मुकादम खुर्चीसकट उठायला बघत होता. मनगटांची कातडी कागदासारखी फाटली होती, गालावरच्या साबणाच्या फेसात रक्त उतरलं होतं. वस्तरा जमिनीवर पडलेला. मुलाचाही ओठ फुटला होता. बापाने डोक्याने धडक दिली होती.

"डोकं ठिकाणावर आहे का दादा तुमचं?" तिने वस्तरा पायाने पलंगाखाली ढकलला आणि ती पट्टे सोडायला वाकली. "बांधायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं!"

"सोडू नका! मारून टाकतील ते मला!"

"नाही बांधलं तर कधी तरी मारतील. बांधलं तर रोज मारतील."

एक पट्टा सुटला. सुटल्या हाताने मुकादमने मुलाच्या पोटात असा गुद्दा घातला, की तो भिंतीवर जाऊन आदळला. चष्म्याचा चुरा झाला. आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं त्या माणसाच्या डोक्यात चढलं. तो उसळून आला आणि त्याने बापाच्या थोबाडीत मारली. एक. दुसरी. "चोर? मी चोर? तुमचं हगणं-मुतणं चोर काढतो का हो?" पैलवान दुसरा पट्टा सोडून मध्ये घुसली, त्याला चिकटली, त्याने तिला बाजूला भिरकावलं. तिचं डोकं पलंगाच्या कठड्यावर आपटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्यांदा त्याने मूठ वळली होती, आणि म्हातारा दोन्ही हात तोंडापुढे धरून लहान पोरासारखा कण्हत होता.

तिने नवऱ्यावर कधी हात उचलला नव्हता. एवढ्या वर्षांत कुठल्या पेशंटवरही नाही. ती उठली आणि तिने मुलाच्या कानाखाली अशी काही ठेवून दिली, की तो गुडघ्यांवर बसला. ती थांबली नाही, तिने दुसरी लगावली. तिसरीला हात उचलला तेवढ्यात तिच्या जबड्यावर फावडं बसल्यासारखं झालं.

मुकादम उभा होता. गेल्या कित्येक दिवसांत तो आधाराशिवाय उभा राहिला नव्हता.

"माझ्या पोराला मारतेस?" तो गरजला. "भवाने, माझ्या पोराला?"

त्याने तिला लाथेने तुडवलं. एकदा बरगडीत, एकदा मांडीवर. चिकटायला ती उभीच राहू शकली नाही. मग त्याचं तिच्यातलं लक्ष उडालं. तो भिंत धरत खाली बसला आणि त्याने मुलाचं तोंड आपल्या रक्ताळलेल्या पंजात घेतलं.

"लागलं का रे? बघू."

मुलाने मान हलवली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टाकून तो ढसाढसा रडू लागला. म्हातारा त्याच्या पाठीवर थोपटत राहिला.

पैलवान कशीबशी उठून बसली. एक दात हलत होता. तिने तोंडातलं रक्त रुमालात थुंकलं आणि मॅडमना फोन लावला. पेशंटला बांधलं, मुलाने दोनदा मारलं, मनगटांना डॉक्टर पाहिजे, हे सांगितलं. आणि मी मुलावर हात उचलला, हेही.

"मी आत्ता डॉक्टरांना घेऊन निघते," मॅडम म्हणाल्या. "तुला मात्र कामावर ठेवता येणार नाही गं."

"ठाऊक आहे मॅडम."

तिने मुकादमच्या मनगटांवर स्वच्छ फडकी गुंडाळली. मुलाला जवळ बघून त्याने ते मुकाट्याने करू दिलं, पण नजर तिच्यावर रोखलेली होती. अर्ध्या तासात मॅडम डॉक्टरांना घेऊन आल्या. पैलवानने पिशवी भरली. ती दाराशी गेली तेव्हा मुकादमने मुलाचा हात घट्ट धरला आणि तिच्याकडे बोट केलं.

"बाळा, त्या बाईला पुन्हा घरात घ्यायचं नाही. तुला मारते ती."

मुलाने तिच्याकडे पाहिलं. असं नाही बाबा, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पैलवानने हळूच मान डोलावली, हो म्हणा.

"हो बाबा," तो म्हणाला. "नाही घेणार."

तिने चपला घातल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.