दोन स्टेजच्या मधल्या माळावर
परवा जुन्या सॅकच्या कप्प्यातून संगीत महोत्सवात मनगटाला बांधलेला निळा कापडी पट्टा निघाला आणि पवना धरणाच्या काठावरची ती संध्याकाळ आठवली. आमचे आवडते दोन बँड एकाच वेळी, दोन टोकांच्या स्टेजवर वाजणार होते. मैत्रिणीला एक ऐकायचा होता, मला दुसरा. तिकिटं हौसेने एकत्र काढलेली, त्यामुळे थोडी धुसफूसही झाली आणि ती तणतणत तिच्या वाटेने गेली. मी निघाले खरी, पण मधल्या माळावर येऊन पाय अडखळले. तिथे दोन्हीकडचं वाजणं एकमेकांत मिसळून विरत होतं, आणि त्या विरण्यात हलगी ऐकू आली. धरणाच्या बाजूने, पाण्यावरून, संथ. शेजारी उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या मावशींनी चपला काढल्या आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडले. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पालखी निघाली. आमचं गाव पाण्याखाली गेलं, पर देवाची येळ न्हाई चुकत. तुमाला आली ना ऐकू, मग बूट काढा." मी काढले. गवत थंडगार होतं, पाण्यावर एक होडीसुद्धा नव्हती. दोन्ही बँड थांबल्यावर मैत्रीण लांबच्या त्या स्टेजकडून गर्दीतून चालत आली. तिचे बूट तिच्या हातात होते. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मी तिच्या. कुणाच्या बँडने कसं वाजवलं, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही; अजूनही विचारलेलं नाही. त्यानंतर मात्र कुठल्याही महोत्सवात आम्ही एकाच स्टेजसमोर उभ्या राहतो, एकमेकींचा हात धरून.