कॅमेऱ्यावरचा तळवा

आमचे हे लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ कापून-जोडून देतात. कामात हात बसलेला, पण घरचं काम म्हटलं की चालढकल ठरलेली. सासऱ्यांनी हौसेनं भरलेल्या कॅसेटी कपाटावर धूळ खात होत्या. नणंदेच्या लेकीनं आजीला पाहिलेलंच नाही; ती जन्मायच्या आधीच सासूबाई गेल्या. नणंद परदेशी परत जाण्याआधी आजीचा व्हिडिओ करून द्यायचं ह्यांनी कबूल केलं, आणि अगदी गळ्याशी आल्यावर काम कॉम्प्युटरच्या गळ्यात मारलं.

चित्र एकदम बदललं की प्रसंग बदलला असं धरून तो चित्रणाचे आपोआप तुकडे पाडतो. काळे तुकडे फेकून दे, असंही ह्यांनी सवयीनं सांगून ठेवलं. समारंभाच्या चित्रणात काळं म्हणजे झाकण न काढता चाललेला कॅमेरा, दुसरं काही नसतं.

तुकडे बघायला बसलो. अंगण, सायकल, शेजाऱ्यांचा कुत्रा, परत कुत्रा. सासूबाई कुठेच नाहीत.

"ह्या मेल्या डब्याला माणूस कळत नाही," हे टेबलावर हात आपटत म्हणाले.

"अहो, तुम्ही सांगितलंत तेच केलं त्यानं. फेकलेलं काढा बघू."

फेकलेलं उघडलं. पडदा काळा, आणि आतून सासूबाईंचा आवाज. "नको म्हटलं ना. बंद करा ते." कॅमेरा वळला रे वळला की त्या भिंगावर तळवा ठेवायच्या. सगळ्या कॅसेटी धुंडाळल्या, चेहरा एकाही ठिकाणी नाही. मला तर सासूबाईंचाच राग आला. एवढा कसला संकोच, तोही घरच्या घरी?

ह्यांनी तेच काळे तुकडे जोडले. नणंद लेकीला मांडीवर घेऊन बसली.

"दादा, एकदाही चेहरा नाही?"

"तिनं दिला तर ना," हे खेकसले, आणि लगेच चष्मा पुसायला लागले.

काळ्या पडद्यातून आवाज येत राहिला. नको. पुरे. बंद करा.

"आजीला मी नको आहे का?" पोरीनं विचारलं.

"तुला नाही गं, ती कॅमेऱ्याला म्हणतेय."

"पण कॅमेऱ्यातून तर मीच बघतेय."