हापूसला चोच नसते

"ही पायरी आहे," अध्यक्ष म्हणाले.

आमच्या वर्कशॉपच्या मधोमध चेनपुलीला माणसापेक्षा उंच स्टीलचा आंबा लटकत होता. देठ वर, टोक खाली. चौक सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष त्याच्याखाली उभे राहून वर बघत होते. म्हणून सगळी समितीही वर बघत होती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पायरी ही आंब्याचीच जात. गोड असते, रसाला उत्तम. पण तिच्या टोकाला चोच असते. हापूसला नसते. रत्नागिरीच्या चौकात पायरी टांगणं म्हणजे बोहल्यावर नवऱ्याऐवजी त्याचा चुलतभाऊ उभा करणं.

"पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे. चोच काढा, नाहीतर आंबा तुमचा तुम्हाला."

"काढतो ना साहेब," आमचे मालक अण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी या वर्कशॉपमध्ये डिझाइन इंजिनियर. आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्याबरोबरची गावातली बहुतेक मुलं बारावी झाली की मुंबईला गेली. मला घरून एसटीने जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी मिळाली, कारण अण्णांनी माझ्या शब्दावर लेझर कटिंगचं मशीन घेतलं. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. हा आंबा म्हणजे मशीनचं गावासमोरचं पहिलं काम. अण्णांनी आधीच बजावलं होतं, "आंबा फसला तर मशीन विकून टाकणार. मग तुलाही मुंबईची गाडी आहेच."

आता चोच आली कशी, ते.

लेझर मशीन फक्त सपाट पत्रा कापतं. त्यामुळे वाकडीतिकडी वस्तू बनवायची असेल तर आधी कॉम्प्युटरवर तिचं मॉडेल करतात, मग ते उलगडून सपाट पॅटर्न काढतात. शिंपी झब्ब्याचं कापड बेततो, तसंच. पिंप किंवा नरसाळं असेल तर काम सोपं, कारण तिथे पत्रा एकाच दिशेला वाकलेला असतो. आंबा मात्र उभाही वाकतो आणि आडवाही. अशी वस्तू ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होत नाही. बाटलीला कागद नीट गुंडाळता येतो, नारळाला गुंडाळून बघा.

हे मी समितीच्या पहिल्याच बैठकीत दाखवलं होतं. अर्धा हापूस सोलून त्याची साल ताटलीवर दाबली. साल चिरली. "बघा साहेब, आपण चिरायची नाही म्हटलं तरी ती चिरतेच. म्हणून आपणच आधी पाकळ्या करायच्या, प्रत्येक वेगळी कापायची आणि जोडायच्या. जितक्या जास्त पाकळ्या तितका आंबा गोल."

अध्यक्षांनी उरलेला आंबा उचलला. "कुठल्या बागेतला हा?"

"पावसचा."

"तरीच," ते खात म्हणाले. "पण आंब्याला शिवण असते का? जोड नकोत."

"निदान जास्त पाकळ्या तरी..."

"सॉफ्टवेअर घेतलंय ना तुम्ही? त्यात फ्लॅटनचं बटण असतं म्हणे."

बटण असतं. मी ते अण्णांसमोर दाबलंही. स्क्रीनवर आंबा लालभडक झाला. लाल म्हणजे इथे पत्रा टिकणार नाही.

"पिकलेला दिसतोय," अण्णा म्हणाले.

पत्र्याला एका वेळी एकाच दिशेला वाकता येतं. अण्णांना तशी अडचण नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून मान डोलावली आणि फोनवर अध्यक्षांना कळवलं की पाकळ्या निम्म्या करतो.

टोकाला मी डिझाइनमध्ये एक गोल वाटी धरली होती. पाकळ्यांची निमुळती टोकं एका बिंदूत आणायची नसतात. त्यांना अलीकडेच थांबवून खालून वाटी बसवायची असते. कारण पत्रा रोलरमधून वाकवताना त्याची टोकं रोलरच्या पकडीत येत नाहीत, ती सरळच राहतात. चित्र बघून अध्यक्ष म्हणाले, "ही बुडाला टोपी कसली? काढून टाका." अण्णांनी काढून टाकली.

मग पाकळ्या टोकापर्यंत आल्या, टोकं सरळ राहिली, आणि सगळी मिळून झाली चोच. मिरकरवाड्याचा नंदू आमचा वेल्डर. ट्रॉलरच्या कामात त्याचं आयुष्य गेलेलं. शेवटचा टाका मारून त्याने तोंडावरची काच वर केली आणि म्हणाला, "मेल्या, आंबा सांगितलेलास ना? ही तर सुरमय तोंड काढून बघताय."

समिती गेल्यावर अण्णा स्टुलावर बसले. "घासून काढ चोच."

"घासली तर भोक पडेल अण्णा. कापून वाटीच बसवायला हवी."

"मग कर वाटी."

वाटी सपाट पत्र्यातून होत नाही. ती प्रेसमध्ये साच्याने ताणून काढावी लागते. तसा प्रेस आमच्याकडे नाही, आणि बाहेरून करून आणायची तर उद्घाटन होऊन गेलं असतं. ताणलेला पत्रा आयता कुठे मिळेल याचा विचार करत मी डबा उघडला, आणि डब्याच्या गोल बुडाकडे बघत राहिलो. भांडी. घराघरांतली स्टीलची भांडी साच्यात ताणूनच काढलेली असतात.

बाजारातली मी पाहिली. पातेली बुडाला सपाट, कढया पातळ. हवं तेवढं खोल, जाड, गोल बुडाचं तसराळं शेवटी अण्णांच्याच स्वयंपाकघरात सापडलं. सुलभावहिनी त्यात कणीक भिजवत होत्या.

"हे माझ्या रुखवतातलं आहे," वहिनी म्हणाल्या. "आईने दिलेलं."

"नवीन आणून देतो गो," अण्णा म्हणाले.

"तुमच्या अध्यक्षांच्या घरी नाही काय एखादं?"

मी गप्प बसणार होतो, पण मुंबईची गाडी डोळ्यांसमोर आली. म्हटलं, "वहिनी, हे मिळालं नाही तर चौकात पायरी लागेल."

वहिनी माहेरच्या पावसच्या, म्हणजे हापूसच्याच गावच्या. त्यांनी कणीक काढून परातीत ठेवली, तसराळं धुतलं, पुसलं. "एक अट. नाव घासायचं नाही." तसराळ्याच्या बाहेरच्या अंगाला, जुन्या भांड्यांवर असतं तसं, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं: चि. सुलभास, आईकडून सप्रेम.

अण्णा माझ्याकडे वळले. आयुष्यात प्रथमच ते एका दिशेला ठाम वाकलेले दिसले. "नाय घासायचं."

तसराळ्याच्या मापाने मी पाकळ्यांची टोकं कापून दिली. नंदूने कडा ठोकून गोल केल्या, जोड दिला. "आता आंबा झाला," तो म्हणाला, आणि अक्षरांना चिकटपट्टी लावून बाकीचा सगळा भाग पॉलिश केला. 

उद्घाटनाला अध्यक्षांनी आंब्याला खालून हात लावला आणि माइकवर सांगितलं, "एका अखंड पत्र्यातून घडवलेला, एकही जोड नसलेला हापूस." आम्ही टाळ्या वाजवल्या. आंब्याखालच्या चौथऱ्यावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. तेही आमच्याच लेझरने कापलेलं, आणि त्याला सपाट करायची काहीच गरज पडली नव्हती.

अडचण नंतर कळली. फोटो काढायला लोक चौथऱ्याला टेकून उभे राहतात, त्यामुळे अध्यक्षांचं नाव त्यांच्या पाठीमागे जातं. फोटोत दिसतं ते डोक्यावरचं आंब्याचं टोक. त्यातलं 'चि. सुलभास' वळणामागे जातं, उरतं ते: आईकडून सप्रेम.

अध्यक्षांचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला.

"अण्णा, ते खालचं काय लिहिलंय? माझी मुलगी विचारत होती. सगळ्या बायका म्हणे तिथेच फोटो काढतायत."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "साहेब, तुम्हीच बैठकीत म्हणाला होता ना, माता-भगिनींसाठी काहीतरी हवं?"

"हां. म्हटलं होतं मी."

मशीन आहे. मीही आहे, सकाळच्या एसटीने येतो. अण्णांनी वहिनींना नवीन तसराळं आणून दिलं. त्यात कणीक नीट मळली जात नाही, असं त्या म्हणतात.

या कामातून मी शिकलो ते एवढंच: पाकळ्या किती हव्यात ते ग्राहकाला विचारायचं नाही. आणि बुडाला वाटी असेल, तर ती चित्रात दाखवायची नाही.