टर्बाइनच्या तेलातली खळबळ

आमच्या गाईडसरांना तेलातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेलावरच त्यांनी डझनभर लोकांना पीएचडी मिळवून दिली होती. त्या रांगेत पुढचा नंबर माझा.

फिरणारा शाफ्ट आणि त्याला धरून ठेवणारं बेअरिंग यांच्यामध्ये केसाएवढा तेलाचा थर असतो. वेग बेताचा असला की तेल थरावर थर सरकत गुमान वाहतं. वेग फार वाढला की ते खळबळायला लागतं, घर्षण वाढतं आणि ताप चढतो. या खळबळीचं गणित मांडणं हा माझा विषय. कालव्याचं गेट जरासं उघडलं आणि सताड उघडलं, तर पाण्यात पडणारा फरक गुरं धुणाऱ्यालाही कळतो. सरांना तो सगळ्या नोकरीत कळला नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत शांत प्रवाहाची ओळ पहिली होती, म्हणून ते तीच निवडत. दुसऱ्या ओळीपर्यंत बोट न्यायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात टर्बाइनचं बेअरिंग तापायला लागलं. तिथल्या ऑइलमन मामांनी भलतंच तेल मिसळलं, असा मॅनेजरला संशय होता. सरांचा रिपोर्ट येईल त्यावर मामांची नोकरी राहणार किंवा जाणार होती. मी सरांची बॅग घेऊन सोबत गेलो.

सरांनी शाल-श्रीफळ घेतलं आणि टर्बाइनचा आवाज सहन होत नाही म्हणून एसी केबिनमध्ये बसले. मामा तिथंच वही घेऊन आले. वेग किती, ताप किती, रोजची नोंद होती. मी ती उतरवून घेतली.

"साहेब, मशीन हळू हाय तवर ताप बेतात ऱ्हातोय. फुल स्पीडला आलं की तेल लय खवळायलंय अन् ताप एकदम चढायलाय. तेल तेच हाय, म्या बदललं न्हाई."

सर माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही तेल ओता. शास्त्र आम्ही बघू."

सरांच्या गणितात ताप बराच कमी निघाला. मग वरचा ताप आला कुठून? भेसळीतून. तेलाचा नमुना तपासायला पाठवावा, हे एवढ्या विद्वानांत कुणालाही सुचलं नाही. मी घरी येऊन यादीतली दुसरी, खळबळत्या प्रवाहाची ओळ निवडली. उत्तर मामांच्या वहीशी जुळलं. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी कागद नीट पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, "तुझ्या प्रबंधावर माझी सही व्हायची आहे अजून."

मी कागद परत बॅगेत ठेवला. रिपोर्टखाली सरांच्या नावानंतर माझं नाव गेलं, आणि मामांना कामावरून काढलं. त्या दिवसापासून मला सरांची किळस यायची, पण त्यांच्या केबिनचं दार मी पूर्वीसारखंच वाकून उघडत होतो.

व्हायवाच्या दिवशी मी पडद्यावर आलेख दाखवला. रेघ माझ्या गणिताची, बिंदू मामांच्या वहीतले. खाली लिहिलं होतं, 'कारखान्यातील प्रत्यक्ष मोजमाप'. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. पहिली टाळी सरांनी वाजवली. ते बिंदू कुठले, हे त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे. ओळखलं असतं तरी त्यांनी टाळीच वाजवली असती. पेढेही त्यांनी दोन घेतले.

आठवड्याने मी पाथरीच्या गाडीत बसून पेडगावला उतरलो. मामांचं घर विचारत गेलो. ते अंगणात तूर पाखडत होते. मी पत्र पुढे केलं: तेल चोख होतं, दोष आमच्या गणिताचा, खाली माझी सही. अशा पत्राने ते माझे पाय धरतील, अशी माझी कुठेतरी अपेक्षा होती. इतका मी सरांचा चेला झालो होतो.

मामांनी हात झटकले आणि पत्र सावकाश वाचलं. माझ्या नावापाशी थांबले.

"डॉक्टर झालात व्हय?"

"हो. मागच्या आठवड्यात."

"अन् हे तुमाला कवा कळलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "आम्ही येऊन गेलो त्याच रात्री."

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या खिशात ठेवली, आणि सूप उचललं. "त्या साहेबाला येत नव्हतं, म्हणून चुकला. तुमाला येत होतं," ते म्हणाले. "जावा आता, गाडी हाय."