कोठडीतली पालनी

अन्याय झाला तो काठी गावाकडच्या एका डोंगरी बापावर, गेल्या होळीआधीच्या सोमवारी, भर दुपारी, तालुक्याच्या कचेरीत. मी तिथं उभा होतो, म्हणून लिहितो.

मुलगी दुखण्यातून उठली म्हणून त्यानं पालनी घेतली होती. पालनी म्हणजे होळीचं व्रत. खाटेवर बसायचं नाही, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, खोटं बोलायचं नाही. होळीत नाचायला डोक्यावर कामट्यांचा उंच टोप लागतो. त्यासाठी त्यानं राखीव जंगलातला बांबू तोडला, आणि जंगलखात्याच्या गार्डानं त्याला धरलं.

आमच्या ब्राह्मणपुरीच्या शेतावर डोंगरातली माणसं कामाला यायची, त्यामुळं त्यांची बोली मला येते. ओळखीच्या वकिलांनी मला दुभाष्या म्हणून नेलं. पुकाऱ्याआधी व्हरांड्यात ते म्हणाले, "त्याले सांग, 'मी बांबू तोडा नही' इतलंच म्हन. गार्डनी जबानी सोडीसन दुसरा पुरावा नही शे. सुटी जाई."

पुण्याच्या कॉलेजात मी नीतिशास्त्र घोकलं होतं. एक मत म्हणतं, परिणाम काहीही होवो, खरं बोलणं हेच कर्तव्य. दुसरं म्हणतं, ज्यात भलं जास्त ते करावं. मी वकिलांना दोन्ही ऐकवली. पान चघळत त्यांनी विचारलं, "तुन्हं पुस्तक जाई का रे कोठडीमा, त्यान्हा बदला?"

मी निरोप जसाच्या तसा त्याला सांगितला. तो आपल्या बोलीत म्हणाला, "खोटं बोललो तर पालनी इथंच मोडली. खरं बोललो तर कोठडीत परक्या हातची भाकर, तिथं मोडली. तू शिकलायस. मी काय करू?"

तेवढ्यात पुकारा झाला. त्यानं खरं सांगितलं, मी ते मराठीत खरंच सांगितलं, आणि होळी उलटेपर्यंतची कैद लागली. दंड भरून सुटायची सोयसुद्धा नाही.

संध्याकाळी जेलरपुढं हात जोडले. तीन दगड आणि थोडं पीठ द्या, स्वतःची भाकर तो स्वतः थापेल. नियम नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नियम नव्हता. ताटली दाराशी तशीच, तो फरशीवर, आणि मी गजाबाहेर, खिशात आदिवासींच्या हक्कांची पत्रकं घेऊन. शेवटी शिपायांनी धरून पेज पाजली. मी बघत होतो.

वाचणाऱ्यांनो, हळहळ नको. येत्या होळीआधी जंगलखात्याच्या साहेबाला स्वतःच्या सहीनं लिहा, की टोपाचा बांबू गुन्हा नाही. जेलरला लिहा, की पालनीतल्या कैद्याला चूल द्या. आजच लिहा. होकार येईपर्यंत लिहीत राहा.